पाणी पाहायला आलेली पोरगी

रिटायर झाल्यावर बाईनं गुडघे सांभाळावेत, नातवंडं सांभाळावीत आणि जमलं तर तोंड सांभाळावं, असं आमच्या अंबाजोगाईत मानतात. मला तिन्हींतलं एकही नीट जमलं नाही. गुडघे गेले, नातवंडं बंगळूरला आहेत आणि तोंडाबद्दल न बोललेलं बरं. कॉलेजात भूगोल शिकवायची तेव्हा "मॅडमच्या नाकावर राग असतो" असं पोरं म्हणायची. माझ्या नाकावर फक्त चष्मा असतो, असं त्यांना ठणकावून सांगायला गेले की त्यांचंच म्हणणं खरं ठरायचं.

तर घरी बसल्यावर मी जलविज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती सुरू केली. कारण साधं होतं. आमचा बीड जिल्हा पाण्यावरून भांडतो, पाण्यावरून निवडणुका लढवतो, पाणी नाही म्हणून कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जातो. पण पाण्याचा अभ्यास करायला आमच्यातलं कुणी जात नाही. पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे पळतात आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बसतात. जमिनीखालचं पाणी मात्र इथं प्रत्येकाला न शिकताच कळतं. म्हटलं, वर्षाला एकाची तरी फी आपण भरू आणि उन्हाळ्यात त्याला एखाद्या गावात नेऊन कामाला लावू. ह्या कामाला लावण्याला आता इंटर्नशिप म्हणतात.

निम्मा भार आमच्या पेन्शनवर आणि निम्मा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर. हा पुण्यात मोठा साहेब झालाय. प्रॅक्टिकल अपुरं म्हणून मी त्याला वर्गाबाहेर काढायची. आता तो मला फोनवर म्हणतो, "मॅडम, उन्हाळी कामाचा रिपोर्ट पूर्ण आला तरच पुढच्या वर्षीची फी." चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ते हे असे.

पहिल्या वर्षी आम्ही 'हायड्रोलॉजीसाठी शिष्यवृत्ती' असे कागद छापून कॉलेजात आणि बसस्टँडवर चिकटवले. मुलाखतीला बरीच पोरं आली. सगळ्यांची नखं ग्रीसनं काळी. त्यांनी वाचलं होतं हायड्रॉलिक. उसाची ट्रॉली हायड्रॉलिकवर उलटते, जेसीबी हायड्रॉलिकवर चालतो, तेव्हा त्यांचा तरी काय दोष? एकानं आत येताच विचारलं, "मॅडम, जेसीबी घरचा हाय का भाड्याचा?" दुसऱ्याला मी जरा प्रेमानं घ्यायचं ठरवलं. म्हटलं, "बाळ, हा पाण्याचा अभ्यास आहे. वाहतं पाणी कधी नीट निरखून पाहिलंस का?"

"पाह्यलं की. श्रावणात कपिलधारला गेलतो. लई धबधबा व्हता."

"मग काय काय दिसलं?"

"पोरी."

आमचे हे शेजारी बसले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि घरात फारसं बोलत नाहीत. ते हळूच म्हणाले, "खरं बोलतोय, त्याचे काही गुण द्यायला हवेत." मी त्या पोराला बाहेर पाठवलं आणि ह्यांना चहा करायला आत पाठवलं.

दुसऱ्या वर्षी कागदावर सरळ 'पाण्याचा अभ्यास' असं लिहिलं, आणि ती आली. गेवराईकडची, ऊसतोडीवर जाणाऱ्या घरातली. आईबाप सहा महिने कारखान्यावर आणि ही वसतिगृहात, अशी शिकत शिकत बी.एस्सी. झालेली. विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबरही लागलेला. मी विचारलं, "हाच विषय का?" ती म्हणाली, "आमचे लोक पाणी न्हाई म्हणून जातात, अन् जातात तिथं उसाला पाणीच पाणी. हे असं कावून, ते मला पाहायचंय." मी दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

तिचे वडील सोबत आले होते. खुर्चीच्या कडेला टेकून बसले आणि चहा संपल्यावर बोलले. "मॅडम, पहिलं साल तुमी करताव, लई उपकार. पण एक स्थळ चालून आलंय. पाव्हणे चांगले हायत. पोराला पुढल्या साली कोयता करायचाय." आमच्याकडं ऊसतोडीला नवराबायकोची जोडी लागते आणि त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकट्याला मुकादम घेत नाही, म्हणून लग्नं घाईनं उरकतात. "त्यांला म्या जून लागंपर्यंत थांबा म्हनलंय. तवर दुसऱ्या सालाचं पक्कं झालं तर शिकू द्या. न्हाई झालं तर मला त्यांच्यापुढं तोंड न्हाई."

म्हणजे पोरीनं उन्हाळ्यात एका गावातल्या विहिरींची पाणीपातळी नीट मोजली तर रिपोर्ट, रिपोर्ट झाला तर पुण्याहून फी, फी आली तर दुसरं वर्ष. आणि ह्यातलं एक जरी हुकलं तरी लग्न. हिशोब इतका सरळ होता की त्या दिवसापासून माझी रक्तदाबाची गोळी बदलली.

विहिरीचं पाणी मोजायला एक टेप मिळते. तिचं टोक विहिरीत सोडायचं. पाण्याला टेकलं की वर हातातल्या डबीतून 'टूं' असा आवाज येतो आणि पाणी किती खोल आहे ते कळतं. ही टेप ह्यांनी स्वतः पसंत करून आणली आणि घरात आल्या आल्या प्रत्येक गोष्टीत बुडवून पाहिली. बादलीत वाजली, टाकीत वाजली. मी अंघोळीला गेलेली पाहून आमटीच्या पातेल्यातही वाजवून पाहिली. आमटी पातळ होते, असा टोमणा मला त्यावरून दोन दिवस ऐकावा लागला.

मे महिन्यात आम्ही तिला उमापूरच्या अलीकडच्या एका गावात सोडायला गेलो. अंगणवाडीच्या ताईंकडं राहायची सोय होती. गाडीतून उतरतोय तोच पारावरच्या कुणीतरी विचारलं, "पाव्हणं, कशाला येणं केलं?" आणि आयुष्यभर कमी बोलणाऱ्या माझ्या नवऱ्यानं नेमकं तिथं तोंड उघडलं. म्हणाले, "ही मुलगी पाणी पाहायला आलीय."

आता आमच्या भागात 'पाणी पाहणं' म्हणजे एकच. पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातनं चालतो, आणि जिथं नारळ उभा राहतो तिथं बोर घ्यायची. आम्ही घरी पोचायच्या आत गावभर झालं की मशीनवाली पाणाडी आलीय. गावचे माजी सरपंच, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ते म्हणाले म्हणे, "आजवर लोक पोरगी पाहायला यायचे. आता पोरगीच पाहायला आली."

अण्णा म्हणजे गावातली निम्मी जमीन आणि उरलेल्या निम्मीवर शब्द. त्यांचं 'व्हय' असल्याशिवाय कुणाच्या विहिरीत घागर बुडत नाही. दुसऱ्या दिवशी पोरीनं त्यांच्याच विहिरीत टेप सोडली. डबी वाजली. अण्णांचा चेहरा पडला.

"विहिरीत पाणी हाय हे आमाला ठाव हाय, पोरी. जितं दिसत न्हाई तितं वाजवून दाव."

"अण्णा, पाण्याला टेकल्याबिगर वाजत न्हाई हे."

"मग ह्याचा उपेग काय? गार पाण्याला टेकल्यावर मीबी वाजतो."

लोक हसले. तिनं समजावून सांगितलं की मी बोरची जागा दाखवत नाही, मी फक्त मोजते. अण्णांना ते पटलं नाही. त्यांना ओढ्यापलीकडच्या माळावर बोर घ्यायची होती आणि पाणी पाहणारी बाई गावात असून पाणी पाहत नाही, हा त्यांना माज वाटला. म्हणाले, "आधी मपल्या माळावर पाणी हाय का न्हाई ते सांग. तवर कुणी हिला विहीर दाखवू नका." संध्याकाळी पोरीचा फोन आला. "मॅडम, विहिरी बंद केल्यात." आवाज शांत होता, त्यामुळं मला जास्तच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटेच ह्यांनी गाडी काढली. वाटेत मी अण्णांना काय काय बोलणार ते म्हणत गेले आणि हे "हं, हं" करत गाडी चालवत राहिले.

माळावर निम्मं गाव जमलेलं. पाणाड्याही आला होता, मोटारसायकलवर, पिशवीत नारळ घेऊन. मी अण्णांना काळा पाषाण म्हणजे काय, त्याला भेगा असल्या तरच पाणी कसं राहतं, हे सगळं हातवारे करून समजावलं. कॉलेजात एवढं चांगलं मी कधी शिकवलं नसेल. अण्णांनी शेवटपर्यंत हात जोडून ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, चहा घ्या."

पोरगी मात्र माळाच्या कडेच्या दोन पडक्या विहिरींत वाकून आली होती. ती म्हणाली, "अण्णा, हितं बोर घेऊ नका. खाली अखंड पाषाण हाय, त्या विहिरींच्या कडांना दिसतोय. पाणी राहायला जागाच न्हाई." पाणाड्या नारळ घेऊन चालला आणि बरोबर त्याच जागी नारळ ताठ उभा राहिला. अण्णांनी एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा नारळाकडं. म्हणाले, "नारळ अनुभवी हाय." मग सगळ्यांसमोर बोलले, "पाणी लागलं तर पोरी तू टेप गुंडाळायची अन् घरी जायचं. न्हाई लागलं तर गावच्या समद्या विहिरी तुज्या."

बोरची गाडी जवळच कुठंतरी काम करत होती, ती आली. दक्षिणेकडचे कामगार, त्यांना मराठी येत नव्हतं आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. मशीन सुरू झालं. मी बाभळीखाली बसून मनातल्या मनात योगेश्वरीला हात जोडले की आई, पाणी लागू देऊ नकोस. बीड जिल्ह्यात जन्मून असं मागणं मागणारी मी पहिलीच असेन. चुकून मोठ्यानं बोलले असणार, कारण पोरगी चटकन वळली. म्हणाली, "असं कावून म्हणता मॅडम? लागलं तर बरंच की. माजं म्हणणं चुकलं तर चुकलं." मला तिचा राग आला आणि लगेच अभिमानही वाटला. तिला जूनमध्ये काय होणार ते माहीत होतं, तरी ती असं म्हणाली.

पाणी लागलं नाही. आधी तांबडा, मग पांढरा फुफाटा उडाला. अण्णांचं धोतर कशापासूनच वेगळं ओळखू येईना. पाणाड्या पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता. मशीन थांबल्यावर त्यानंच प्रसंग ओळखून नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. अण्णांनी खोबरं चावून चावून खाल्लं. मग म्हणाले, "पोरगी न्हाई म्हणली तितं न्हाईच निघालं." मनाला लागलं असणार, पण शब्दाला माणूस पक्का. संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं की ह्या पोरीला कुणी विहिरीवर अडवायचं नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते आमच्या शिष्यवृत्तीच्या नियमांत बसत नव्हतं. आसपासच्या गावांतून लोक तिच्याकडं 'न्हाई' न्यायला येऊ लागले. 'हाय' म्हणणारे पुष्कळ असतात. 'न्हाई' म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि एक खरी 'न्हाई' मिळाली तर बोरचा खर्च वाचतो. लोक तिला न्हाईवाली ताई म्हणायला लागले. सकाळी विहिरी मोजायच्या आणि दुपारी दोन गावांत जाऊन न्हाई म्हणून यायचं, असं तिचं चाललं. आमच्या भागात डोळे मिटून न्हाई म्हटलं तरी बहुतेक वेळा खरंच निघतं, पण ती डोळे उघडून, विहिरींच्या कडा पाहून म्हणायची. पाणाड्यानं तर तिला भागीदारीच देऊ केली. "ताई, तुमी न्हाई म्हणा, मी हाय म्हणतो. गिऱ्हाईक दोघांकडंबी येईल." तिनं त्याला चहा पाजला आणि न्हाई म्हणाली.

जून लागायच्या आत रिपोर्ट पूर्ण झाला. पुण्याच्या साहेबांनी वाचला आणि फोन केला, "मॅडम, ही पोरगी तुमच्यापेक्षा नीटनेटकी लिहिते. दुसऱ्या वर्षाची फी पक्की." मी त्याला म्हटलं, तुझ्यापेक्षा कुणीही नीटनेटकं लिहितं. पण फोन ठेवल्यावर मी ह्यांच्यासाठी शिरा केला.

आनंद दोनच दिवस टिकला. पोरीच्या वडिलांचा फोन आला की पाव्हणे ऐकायला तयार नाहीत. फी मिळो न मिळो, औंदा कोयता करायचाच. नाही म्हटलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी पुष्कळ बोलले, चढ्या आवाजातच. ते "व्हय मॅडम" म्हणत राहिले, आणि ते व्हय मला नव्हतंच. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. एवढं सगळं करून पोरगी शेवटी उसाच्या फडातच जाणार, हे मला सहन होईना.

मग एका सकाळी ते स्वतःच दारात. पुन्हा खुर्चीच्या कडेला टेकले.

"मॅडम, पाव्हण्यांनी नकार दिला."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हटलं, "काय झालं?"

"आवं, पाव्हणे न्हाईवाल्या ताईचं नाव ऐकून तिलाच आणायला गेलते. हीच ती, हे त्यांला ठाव न्हाई. फोटो तेवढा पाह्यलेला. अन् ही उन्हात तोंडाला स्कार्फ, डोळ्याला काळा चष्मा. वळख कशी पटंल? रानात नेलं. म्हनले, ताई, औंदा घरात सून आणायचीय, बोरबी घ्यायचीय, नीट बघून सांगा, जमंल का? ती म्हनली, न्हाई जमायचं."

"मग?"

"मग वाटंत कुणीतरी सांगितलं, आवं ही तर तुमची व्हणारी सून. पाव्हणे तसंच माज्याकडं आले. मला वाटलं भांडत्यात. तर म्हनले, तुमची पोरगी जितं न्हाई म्हणती तितं पैसा घातला की फुफाटाच निघतो, हे चार गावांला म्हाईत हाय. तिनं मला तोंडावर न्हाई सांगितलं. आता मी लग्नाला खर्च कशाला करू?"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, आणि हसूही आलं. म्हणाले, "मॅडम, मी काय बोलणार? मलाबी पटलं." मी पदर डोळ्यांना लावला आणि हसता हसता मला ठसका लागला.

ते गेल्यावर ह्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "पाव्हण्यांचं रान ओढ्याकाठचं ना? मी त्या भागात नोकरी केलीय. तिथं पाणी आहे."

माझं हसू थांबलं. इतकी वर्षं पोरांना एकच शिकवलं, की दिसेल ते लिहा, वाटेल ते लिहू नका. आमच्या शिष्यवृत्तीची पोरगी पाण्याबद्दल खोटं बोलली असेल तर? स्वतःच्या सुटकेसाठी का होईना. तिला विचारायलाच हवं होतं आणि मला विचारायचं नव्हतं.

आठवड्यानं ती टेप परत द्यायला आली. मी चहा दिला, बिस्किटं दिली, आईची चौकशी केली. ह्यांना राहवेना. त्यांनी आतून खाकरून इशारा केला. मी म्हटलं, "त्या पाव्हण्यांच्या रानात पाणी होतं ना गं?"

"व्हतं की मॅडम. जुनी विहीर हाय त्यांची, गाळानं भरलेली. निघताना सांगून आले त्यांना, बोर घेऊ नका, हिचाच गाळ काढा. काढायला लागलेत आता."

"मग 'न्हाई जमायचं' कशाला म्हणालीस?"

ती फडक्यानं टेप पुसून गुंडाळत होती. हात थांबले नाहीत.

"गाव ऐकलं तवाच मी त्यांना वळखलं. त्यांनी इचारलं, सून आणायचीय, जमंल का. मी त्याला न्हाई म्हणले." टेपचं टोक तिनं नीट कोरडं केलं आणि टेप माझ्या हातात दिली. "पाण्याबद्दल मी खोटं कशाला बोलू?"